तिसरा खण

भुईगावचं आमचं घर बघायला अजूनही माणसं येतात. कुणी स्वतःचं घर बांधायला काढलेलं असतं, कुणी आर्किटेक्चर शिकणारी मुलं असतात. खांबांवरून हात फिरवतात, कोब्यावर अनवाणी चालून बघतात, खिडक्यांचे फोटो काढतात आणि मग मला सांगतात की तुमच्या वडिलांना किती दूरचं दिसत होतं, इतक्या वर्षांनीही हे घर जुनं वाटत नाही. मी मान डोलावते. आतून माझा तिळपापड होत असतो. घराचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात भर घालायला मी हे प्रकरण लिहीत नाही. माझी या घराविरुद्ध एक तक्रार आहे. ज्यांच्याविरुद्ध ती आहे ते माझे वडील वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण मी ती मागे घेतलेली नाही.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की वाडीत राबत. केळी, पानवेल, थोडा मोगरा. आमचं आधीचं घर वाळवीनं आतून पोखरलं होतं. एके दिवशी आई खांबाला टेकली आणि खांबाचा भुगा तिच्या पदरात पडला, तेव्हापासून बाबांनी एकच धोशा लावला. आता घर बांधायचं ते एकदाच. पुन्हा त्याला हात लावायचा नाही, आपण नाही आणि आपल्या नातवंडांनीही नाही. त्या काळात गावात ज्याच्या हाती चार पैसे आले तो स्लॅबचं घर बांधत होता. रंगीत काचा, गुलाबी-हिरव्या ठिपक्यांच्या लाद्या, खिडकीला उगवत्या सूर्याच्या नक्षीचं ग्रिल. बाबा अशा घरांसमोरून जाताना सायकलवरून उतरत आणि उभे राहून नाक मुरडत. "ही घरं नव्हेत, हे लग्नातले कपडे आहेत," असं ते घरी येऊन सांगत. आपल्या घराला जोतं काळ्या दगडाचं, भिंतीला घाण्यात मळलेला चुना, खांब ऐनाचे, आढं सागाचं, वर मंगलोरी कौलं. नक्षी कुठेही नाही. नक्षी काढली की ती कुठल्या सालची ते कळतं, आणि आपलं घर कुठल्या सालचं ते कुणाला कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. वस्तू निवडताना त्यांना आनंद झालेला मी पाहिला नाही. एकेक फळी ते अशी उलटीसुलटी करून बघत, जणू ती पेपरात कॉपी करताना सापडली आहे.

घर उभं राहीपर्यंत आम्ही वाडीतल्या झापाच्या खोपटात राहत होतो. आई, बाबा, मी, माझ्याहून मोठा मोहनदादा आणि धाकटा विलास. खोपटाला लागूनच आमचं बावखल होतं. वसईतल्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची ही तळी असतात, पावसानं भरतात आणि त्यांच्यावर वाडी जगते. बाबांनी सगळं लाकूड वर्षभर त्या बावखलात बुडवून ठेवलं होतं. पाण्यात मुरलं की लाकडातला रस निघून जातो आणि कीड त्याला तोंड लावत नाही. रस जाताना जो वास सुटे तो आमच्या जेवणालाही येई. आई तांदळाची भाकरी थापायची, पाचूबंदरची कोळीण आणून द्यायची त्या बोंबलांचं कालवण करायची, आणि आम्ही नाकाला फडकं लावल्यासारखी तोंडं करून जेवायचो. ओंडके तरंगून वर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले असत. ते सरकले तर परत लावायचे, हे काम माझं. त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. बावखलाच्या काठावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायचं आणि ओंडक्यांवर नजर ठेवायची. खोपटात अभ्यासाला जागाच नव्हती, कारण विलास सारखा तबल्यासारखं काहीतरी बडवत असे. नवीन घर झालं की मला दार लावून बसता येईल अशी जागा मिळेल, या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढलं. मला पुढे शिकायचं होतं. बाबांनी पहिल्या नंबराबद्दल माझी पाठ थोपटली होती, तेव्हा त्यांच्या मनातही तेच असणार असं मी धरून चालले. विचारायचं मला सुचलंच नाही.

आता खण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्ली कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे घर किती मोठं हे फुटांत सांगत नसत. खांबांच्या दोन रांगांमध्ये जी जागा पडते तो एक खण, आणि घर तीन खणी, पाच खणी, सात खणी असं मोजायचं. सम खणांचं घर धार्जिणं नसतं, असं बाबा मानत. आमचे मिस्त्री पापडीचे इनासमामा, ते ख्रिस्ती, दर रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणारे. देवाच्या बाबतीत त्यांचं आणि बाबांचं कधी जमलं नाही, पण खण विषम हवेत याबद्दल दोघांचं एकमत होतं.

जोत्यावर चुन्याच्या फक्कीनं आखणी झाली त्या सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. पाच खण आखले होते. बाबा हातात शाळेतली छडी घेऊन एकेक खण दाखवत होते. पहिला खण ओटीचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. दुसरा माजघराचा, त्यात देव आणि आई-बाबांचं अंथरूण. चौथा मोहनचा, पाचवा विलासचा, त्यांची लग्नं झाल्यावर त्यांना दार लावता यावं म्हणून. मागच्या पडवीत चूल. मी विचारलं, "तिसरा?" बाबा म्हणाले, "तो केळ्यांचा." तिसरा खण बरोबर मधला, दोन्हीकडून भिंती, म्हणजे आत गारवा आणि अंधार. राजेळी केळ्यांचे घड तिथे टांगले की एकसारखे पिकतात आणि वाळवून त्यांची सुकेळी चांगली होते. शिवाय कोपऱ्यात भाताची कणगी. विलास तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला खण होता. केळ्यांना खण होता. मी म्हटलं की मग मी कुठे बसू. बाबा म्हणाले, माजघरात आईजवळ. मी म्हटलं, एक खण वाढवा. ते म्हणाले, सहा होतात. मी म्हटलं, मग दोन वाढवा, सात करा. त्यावर त्यांनी छडी काखेत धरली आणि अगदी समजावणीच्या सुरात विचारलं, "शैला, हे घर शंभर वर्षांसाठी बांधतोय आपण. तुझी त्यातली किती? तीन? चार?"

मी काही बोलायच्या आत इनासमामा ओळंबा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "बाय, तुला खन मिलनार की. लग्नान. चोलीचा."

सगळे हसले. बाबा हसले, गवंडी हसले, मोहनदादा हसला. विलासला काहीच कळलं नव्हतं, तोही हसला. चोळीच्या कापडालाही आपल्याकडे खणच म्हणतात, आणि सासरी जाणाऱ्या मुलीची ओटी खणानारळानं भरायची असते. विनोद म्हणून तो वाईट नव्हता हे मी आज कबूल करते. मुलाला बसायला ओटी आणि मुलीची भरायला ओटी, मुलाला राहायला खण आणि मुलीला शिवायला खण, हे सगळं भाषेनंच आधी वाटून ठेवलेलं आहे, इनासमामांनी फक्त वाचून दाखवलं. पण आईसुद्धा हसली. पदर तोंडावर घेऊन हसली. मला त्या सगळ्यांपेक्षा तिचा राग जास्त आला आणि अजूनही कधीमधी येतो.

त्यानंतरचे महिने मी घरात कुणाशी धड बोलले नाही. बावखलाच्या काठावर मी जायची थांबले. ओंडके वर आले तर येऊ देत, म्हटलं. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं, आणि त्यांनी मला काही न सांगता ते काम स्वतःकडे घेतलं. शाळेतून आले की धोतर गुडघ्यावर खोचून ते पाण्यात उतरत आणि दगड नीट करून निथळत जेवायला बसत. माझ्या ताटाकडे बघतही नसत. आईचं माहेर पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावचं, तिची बोली बाबांनी कितीही शिकवलं तरी बदलली नाही. ती मला बाजूला घेऊन सांगायची, "बापाशी भांडून कोनाचं भलं झालंय? पानी पी आनि गप बस." मी गप्प बसत होतेच. पण गप्प बसूनही भांडता येतं, आणि ते मी बाबांकडूनच शिकले होते. दिवसभर पटाशीचे ठोके ऐकू येत. रंध्याचा आवाज यायचा, लाकडाच्या सालपटांचे ढीग पडायचे आणि आई ते चुलीत घालायची. घर वर येत होतं. ते सुंदर होत चाललं होतं, आणि ते मला दिसत होतं, याचा मला वेगळा संताप यायचा.

मग आढं चढवायचा दिवस आला. आढं म्हणजे छपराच्या अगदी माथ्यावरचं लांब लाकूड, सगळं घर त्याच्यावर भिस्त ठेवून असतं. आमचं आढं एकसंध सागाचं होतं. बाबांनी ते कुठून आणि कसं मिळवलं याच्या गोष्टी ते पुढे मरेपर्यंत सांगत असत. आमच्याकडे रीत अशी की आढं बसवण्याआधी त्याला हिरवा खण आणि नारळ बांधायचा, आणि तो वर द्यायचा घरच्या मुलीनं. आधीच्या घराच्या वेळी माझ्या आत्यानं दिला होता. बाबांना कुठलीच रीत चुकवायची नव्हती, कारण शंभर वर्षांच्या कामात कच्चं काही राहता कामा नये. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः वसईच्या बाजारातून खण आणला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, उद्या हिला नवं परकर-पोलकं घालायला सांग.

सकाळी आळीतली माणसं जमली. आईच्या हातात हळदकुंकवाचं ताट. दोरखंडांनी ओढून आढं वर नेलं. त्याचं मागचं टोक भिंतीवरच्या खाचेत बसलं. पुढचं टोक परांचीवर उभ्या असलेल्या इनासमामांनी आणि त्यांच्या जोडीदारानं खांद्यावर पेललं होतं. आता खण बांधायचा आणि मग ते खाली सोडायचं. मी शिडीच्या तीन पायऱ्या चढले. एका हातात खण, एका हातात नारळ. खाली उभे बाबा म्हणाले, दे वर. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी काही ठरवून आले नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

"आधी तिसरा खण माझा म्हणा. मग हा देते."

बाबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं. आळीतली कुणीतरी बाई खुदकन हसली आणि लगेच थांबली. आई खालून म्हणाली, "शैला, दे गो." मी दिला नाही. बाबांच्या कानशिलावरची शीर उडताना मला वरून दिसत होती. ते रागावले की पुस्तकी बोलत, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, म्हणून सगळे वाट बघत होते. इनासमामांचे पाय थरथरायला लागले होते. लाकूड वर्षभर पाणी प्यायलेलं आणि मग वाळलेलं, तरी जड होतंच. ते माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाले, "मास्तर, खांदा गेला माजा."

"दिला," बाबा म्हणाले. "तिसरा खण शैलजेचा. सर्वांनी ऐकले आहे."

मी खण वर दिला. इनासमामांच्या जोडीदारानं तो बांधला, नारळ बांधला, इनासमामांनी कपाळाला आणि छातीला बोटं लावून खूण केली आणि आढं जागेवर बसलं. त्याचा धप्प असा आवाज माझ्या पायांखालच्या शिडीतून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आढ्यासाठी की माझ्यासाठी ते मला कळलं नाही. मला फार आनंद झाला होता, इतका की त्या दुपारी मी तिसऱ्या खणात पावलं मोजत फिरले. इथे टेबल, इथे पुस्तकांची फळी, आणि अंधार पडतो म्हणून एक कौल काचेचं मागून घ्यायचं. मोहनदादा येऊन बघून गेला, जाताना गालातल्या गालात हसला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

वास्तुशांत झाली, आम्ही राहायला गेलो, आणि माझी पुस्तकांची पत्र्याची ट्रंक घेऊन मी तिसऱ्या खणाशी गेले. आत वाशांना ओळीनं लोखंडी आकडे ठोकलेले होते आणि आकड्यांना केळ्यांचे घड लटकत होते. कोपऱ्यात कणगी शेणानं सारवून तयार होती. मी ट्रंक तिथेच टाकली आणि बाबांना शोधत ओटीवर गेले. ते नव्या खांबाला टेकून पेपर वाचत होते. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपराच्या मागूनच म्हणाले, "शब्द दिला नव्हता. आढं वाचवलं होतं."

एवढंच. ट्रंक आईनं उचलून माजघरात नेली. लाकूड वर्षभर मुरल्याशिवाय त्याला हत्यार लावू न देणारा हा माणूस, आणि सगळ्या आळीसमोर बोललेलं वाक्य त्याला महिनाभरही टिकवता आलं नाही. मी माजघरात झोपत होते आणि भिंतीपलीकडून पिकत्या केळ्यांचा गोड वास रात्रभर येत असे. सुकेळी माझ्या फार आवडीची होती. त्या दिवसापासून मी ती तोंडात घातलेली नाही, आजही घालत नाही, आणि माझ्या नातीला हे आजीचं विचित्र वेड वाटतं. मॅट्रिक मी झाले, आणि पुढे नर्सिंगलाही गेले, कारण तिथे हॉस्टेल होतं. हॉस्टेलच्या खोलीला दार होतं. मुली घरच्या आठवणीनं रडायच्या तेव्हा मी दार लावून झोपायचे.

लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. माहेरी गेले की निघताना आई माझी ओटी भरायची, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. मी तांदूळ-नारळ घ्यायची आणि खण तिसऱ्या खणातल्या कणगीवर ठेवून निघायची. आई पुढच्या वेळी तोच खण परत ओटीत घालायची. आम्ही दोघी याबद्दल एक अक्षर बोललो नाही. एकच खण वीस-बावीस वर्षं चालला, घड्यांवर विरला, आणि मग आई गेली. बाबा तिच्या आधीच गेले होते. शेवटच्या आजारपणात मी त्यांची शुश्रूषा केली, माझं कामच होतं ते. त्यांना कुशीवर वळवताना ते आढ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, बघ, केसाएवढीसुद्धा चीर नाही. नव्हतीच. मी बघून हो म्हणायची. तिसऱ्या खणाबद्दल ते बोलतील म्हणून मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

त्यांचं खरं ठरलं हेच मला सहन होत नाही. त्या वेळची सूर्याच्या ग्रिलवाली घरं कधीच पडली. त्यांच्या जागी ज्या इमारती आल्या त्यांच्या गच्च्यांवर आता निळी ताडपत्री असते. विलास वसईत आठव्या मजल्यावर राहतो आणि दर पावसाळ्यात त्याच्या हॉलमध्ये बादली ठेवावी लागते. भुईगावच्या घरात एक थेंब आत येत नाही. आढ्याला अजून त्या नारळाची करवंटी आहे आणि हिरव्या कापडाचे चार धागे. ते माझ्या हातचे आहेत. त्या सबंध घरात माझ्या हातचं तेवढंच आहे.

आणि आता ते पाडायचं आहे. मोहनदादा नाशिकला असतो, त्यानं सही केली. विलास उतावीळ झालाय, कुणी एक बिल्डर त्याच्यामागे लागलाय. बाबांनी शंभर वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा माझी त्यात तीन-चार धरली होती, पण आता मुलीची सही लागते. गेल्या महिन्यात विलासचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग म्हणाला, "ताई, हक्कसोडीचे कागद पाठवतो. तुझी काही इच्छा असेल तर मोकळेपणानं सांग. आपल्यात काय लपवायचं."

मी म्हटलं, "विलास, मला माझा खण हवा."

 त्याच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखा तो हसला आणि म्हणाला, "एवढंच ना? अगं, मग आधी नाही का सांगायचं."

चौथ्या दिवशी पार्सल आलं. वर कागद, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या केलेल्या. खाली नारळ, साडी, आणि पातळ कागदात जपून गुंडाळलेला हिरवागार खण, चांगल्या दुकानातला, रेशमी काठाचा. त्यानं टोमणा मारला नव्हता, हे मला लगेच कळलं. जोत्यावर सगळे हसले तेव्हा त्याला जसं काही कळलं नव्हतं, तसंच आताही कळलं नव्हतं. ज्या खणात तो लहानाचा मोठा झाला त्याला खण म्हणतात हेच तो विसरला होता.

साडी आणि नारळ मी ठेवून घेतला. कागदांवर सही केली नाही. ते त्याच खणात गुंडाळले, वर दोरा बांधला आणि परत पाठवून दिले. आत चिठ्ठी टाकली. हा नव्हे, तिसरा.